दुसरा शमाया

दादा, तुझ्या मातीला मुरुम गावचा अर्धा बाजार आला होता. पाळकांनी पेटीवर हात ठेवला आणि “आपला प्रिय बंधू शमाया” म्हणून सुरुवात केली, तसे मागं उभे असलेले बोअरवाले, पाइपवाले, शेतकरी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. त्यातला एकजण शेजारच्याला हळूच म्हणाला, “ह्ये शमाया कोण वो? आमी तर शामराव मिस्त्रीच्या मातीला आलोय.” मला रडता रडता हसू फुटलं. बायकांना वाटलं बहिणीचं डोकं फिरलं, म्हणून त्यांनी मला धरून लिंबाखाली नेऊन बसवलं. तुला ते ऐकू गेलं असतं तर किती खूश झाला असतास, मेल्या. बघ, जिभेला जुनी सवय आहे. आता हा शब्द तुला कसा म्हणायचा तेही कळत नाही.

बाजारात तू शामराव. जळालेल्या मोटारी उघडून त्यात नवी तार भरून देणारा शामराव मिस्त्री. गिऱ्हाइकांना शमाया म्हणता येईना म्हणून त्यांनीच तो शामराव केला, आणि तू कधी कुणाला दुरुस्त केलं नाहीस. उलट दुकानाच्या पाटीवर तेच रंगवून घेतलंस. मी भांडले तुझ्याशी. म्हटलं, आजोबांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते? तर तू पाटीकडं बघत म्हणालास, “रिबे, हे नाव माझ्याआधी कुणी वापरलेलं न्हाय. कोरं हाय.”

आपल्या वस्तीची रीतच तशी होती. पोरगा जन्मला की आजोबा पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसायचे, प्रार्थना करायचे, डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट टेकवायचे. बोटाखाली नाव आलं तर तेच पोराचं. नाही आलं तर पुन्हा दुसरं पान. आता वंशावळीची पानं नावांनी खचाखच भरलेली, मग बोट पडणार कुठं? म्हणून मोशे, दावीद असली मोठी माणसं आपल्या गल्लीच्या वाट्याला आलीच नाहीत. आपल्याकडं शल्लूम, एल्काना आणि अजऱ्या गोट्या खेळायचे, आणि त्यांच्या आया उंबऱ्यात उभ्या राहून ह्याच नावांनी त्यांचा उद्धार करायच्या. पोरींसाठी आजोबा एवढा खटाटोप करत नसत. रूथ, मरिया, रिबेका, यातलं एक उचलायचं आणि पोरीला चिकटवायचं.

बोट शमायावर पडलं होतं, पण ते तुझ्या वेळी नाही. तुझ्या आधीच्याच्या वेळी.

अव्वाचा, आपल्या आईचा, तो पहिला मुलगा. नुकता चालायला लागला होता म्हणे, कोंबड्यांच्या मागं पळायचा. तापानं गेला. वडिलांनी कबरस्तानात शहाबादी फरशीचा एक तुकडा उभा केला आणि त्यावर नाव कोरून घेतलं. फक्त नाव, पुढं काही नाही. मग तू झालास. आजोबा शास्त्र घेऊन आले, तर अव्वानं बाजेवरूनच हात आडवा केला. “बोट नका लावू,” ती म्हणाली, “माझा शमाया परत आलाय.” ही गोष्ट ती आपल्याला अगदी कौतुकानं सांगायची, आणि तू दर वेळी तिथून उठून बाहेर जायचास.

ईस्टरच्या पहाटेची उपासना कबरस्तानात असायची, म्हणून आदल्या दिवशी आपण सगळे तिकडं जायचो. गवत काढायचं, दगड धुवायचे, कबरींना चुना द्यायचा. त्या फरशीचं काम अव्वा तुलाच लावायची. तू तेव्हा नुकता वाचायला शिकला होतास. कुंचला हातात धरून तू ते नाव एकेक अक्षर जोडत वाचलंस, पुन्हा एकदा वाचलंस, मग माझ्याकडं वळून विचारलंस, “रिबे, मी कवा मेलो?”

मी तुझ्याहून लहान. मी म्हटलं, “मला काय म्हाईत. अव्वाला इचार.”

तू विचारणार एवढ्यात अव्वानंच हाक मारली, “शमाया.” ती फरशीच्या पायाशी बसली होती. तू चुन्यानं भरलेले हात तसेच वर धरून “ओ” म्हणालास. ती तुझ्याकडं न बघता म्हणाली, “तुला न्हाय रे.” रागानं नाही, अगदी सहज म्हणाली. रागानं म्हणाली असती तर फार बरं झालं असतं, दादा. राग आपल्याला ओळखीचा होता.

तिथून पुढं तू पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाहीस. घरात, शाळेत, पुढं दुकानात सुद्धा. सगळे म्हणायचे, ह्याला कमी ऐकू येतं. मास्तरांनी कान तपासून आणा म्हणून सांगितलं होतं. मी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणालास, “पैली हाक त्याची असती. त्यानं न्हाय दिली ओ, की मग माझी.” हे तू इतक्या शांतपणे सांगितलंस की मी त्यावर हसलेही नाही. त्या दिवसापासून मी तुला कायम ‘दादा’ म्हणाले, नाव कधी घेतलं नाही. तुला वाटलं असेल, पोरगी शहाणी झाली. शहाणी कसली, भ्याले होते.

आणि तो शास्त्रातला शोध आठवतो का? रविवारी दुपारी सगळे झोपले की आपण दोघं शमाया हुडकायचो. तुला बघायचं होतं की आपण नक्की कोण आहोत. एक सापडला, देवाचा माणूस. त्यानं राजाला सांगितलं की भावांशी लढू नका, घरी जा, आणि एवढं मोठं सैन्य खरंच घरी गेलं. मी टाळ्या वाजवल्या. मग एक सापडला खोटारडा, परदेशात नेलेल्या लोकांना थापा मारणारा. मग आणखी एक, पैसे घेऊन भल्या माणसाला भीती घालणारा. तुझं तोंड उतरलं. आणि बाकीचे नुसते कुणाचे तरी बाप आणि कुणाचे तरी पोरगे. नाव येतं, जातं, त्या माणसानं काय खाल्लं, कुणावर माया केली, एक अक्षर नाही. एक जण मात्र देवळाच्या द्वारपाळांच्या घरात जन्मलेला होता. तुला तोच आवडला. “दारात उभं राहायचं. आत बी न्हाय, भाहीर बी न्हाय,” असं म्हणालास. मी म्हटलं, तू तो लढाई थांबवणारा आहेस. त्यावरून आपण म्हातारे होईपर्यंत भांडलो. माझं अजूनही तेच म्हणणं आहे, आणि आता तू गप्प आहेस म्हणून मी जिंकले असं समजू नको. मला असं जिंकायचं नव्हतं.

माझे मालक गेले तेव्हा तू परंड्याला माझ्या सासरी आलास. मुरुमहून परंडा म्हणजे जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन-तीन एस. टी. बदलून, हातात हत्यारांची पिशवी. मी आयुष्यभर दवाखान्यात नर्स होते, लोकांना धीर द्यायची सगळी वाक्यं मला पाठ होती आणि तेव्हा सगळ्यांनी तीच मला ऐकवली. तू मात्र एकही बोलला नाहीस. पंखा खाली काढलास, उघडलास, भरलास, पुन्हा टांगलास. मग मिक्सर. मग पाण्याची मोटार. मग शेजारणीचा कूलर सुद्धा. जाताना म्हणालास, “आता रात्रीचा पंखा कुरकुरनार न्हाय. झोप नीट.” मी त्या दिवशी आभार मानले नाहीत, म्हटलं भावाचे काय आभार मानायचे. आता मानते. तो पंखा अजून आवाज करत नाही, दादा. बाकी सगळं घर करतं.

पण आपल्यात खरी गाठ बसली ती अव्वाच्या शेवटच्या दिवसांत. मी रजा काढून मुरुमला आले होते, उशाशी मीच होते. तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती. सकाळची वेळ, दारातून ऊन आत आलेलं, आणि तिनं अगदी खणखणीत हाक मारली, “शमाया!” तू अंगणात हात धूत होतास. पहिलीच हाक, पण तू धावत आलास. साठीला टेकलेला माणूस, ओल्या हातांनी, लहान पोरासारखा “आलो अव्वा, आलो” करत. तिनं डोळे उघडले, हसली. पण ती तुझ्याकडं बघून हसली की तुझ्या खांद्यावरून दाराकडं बघून, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. तेवढ्यात ती गेली.

त्यानंतर तू मला किती वेळा विचारलंस. फोनवर, जेवताना, एस. टी. स्टँडवर मला गाडीत बसवून देताना. “रिबे, तू जवळ होतीस. ती कुणाला हाक मारत होती?” मी म्हणायचे, तुलाच, आणखी कुणाला! तू म्हणायचास, “नर्सबाई, पेशंटाला सांगता तसं मला सांगू नगा.” मग मी चिडायचे. म्हणायचे, पासष्टी आली, नातवंडं खेळवायचं वय झालं, अजून त्या एवढ्याशा लेकराशी स्पर्धा करतोस? तू पिशवी उचलून चालू लागायचास. बोलला असतास तर बरं झालं असतं, मी आणखी भांडले असते.

गेल्या नाताळात तू शेवटचं तोंड उघडलंस. तुझ्या सुहासची बायको दोन जिवांची होती, मार्थावैनी स्वयंपाकघरात करंज्या तळत होती, आणि तू मला अंगणात बोलावून म्हणालास, “पोरगा झाला तर माझ्यामागं माझं नाव ठेवतील. तू ठेवू देऊ नगंस. नाव आत्याच्या तोंडून निघतं, आन् ह्या घरात तुझ्याबिगर आत्या न्हाय.”

मी म्हटलं, “तुझ्यामागं म्हणजे? चाललास कुठं?”

“एका नावात दोघं ऱ्हायलो, रिबे. लई अडचण झाली. तिसरं नगं.”

आणि मी काय म्हणाले? “बरं” म्हणाले नाही. मला पटलंच नव्हतं ते. मला वाटत होतं की नाव पुढं चालावं, एखादा शमाया तरी ह्या घरात खुशाल, निर्धास्त वाढावा, म्हणजे आधीच्या दोघांचं काहीतरी फिटेल. मी म्हटलं, “आधी पोरगा होऊ दे, मग भांडू.” तू हसलास आणि आत करंज्या खायला गेलास.

मग फाल्गुनात, भर दुपारी, दुकानात. पुढ्यात उघडी मोटार, हातात तार. समोरच्या हॉटेलवाल्यानं चहाचा ग्लास आणून ठेवला, हाक मारली आणि तो परत गेला. तो मला सांगत होता, “शामरावकाका पैल्या हाकेला कवाच बोलत न्हायत, म्हनून मी काय मनात आनलं न्हाय. ग्लास न्यायला आलो तर चहा तसाच.” बिचारा सांगता सांगता रडत होता. मी त्याला पाणी दिलं. त्याला तरी काय सांगायचं, की बाबा, ह्या माणसाची पहिली हाक कुणाची होती ते?

तुला जागा मिळाली ती अव्वाच्या डावीकडं. उजवीकडं तो आहे. मधे ती, आणि दोन्ही बाजूंना शमाया. सुहासनं तुझ्यासाठी तसाच दगड सांगितलाय. तिथं उभी राहिले तेव्हा मनात आलं, आता ही हाक मारील तर उठेल कोण?

मी परंड्याला परत गेले नाही. सून पोटुशी, तिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण आपल्याच घरी. मी थांबले. पण खरं सांगू, त्या घरात मला दिवसाढवळ्या भीती वाटायची. गल्लीत कुठलीही बाई कुठल्याही पोराला हाक मारू दे, मी हातातलं काम थांबवून ऐकत बसायची. एकदा ओसरीत कुणीतरी खाकरल्यासारखं वाटलं. मी बाहेर आले, तर वैनी आधीच तिथं उभी. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं, परत आत आलो आणि भाजी निवडायला बसलो.

पोरगा झाला. गोरापान, जावळ भरपूर, रडणं असं की गल्ली जागी व्हावी. आणि त्याच क्षणापासून वैनी माझ्या मागं लागली. “वन्सं, त्यांचंच नाव ठेवा.” सकाळी तेच, चहाला तेच, बाळाला न्हाऊ घालताना तेच. “घर खायला उठतंय. त्यांच्या नावाचं कोनतरी घरात पायजे. म्या दुसरं काय मागत न्हाय तुमाला.” सुहास म्हणाला, पप्पांची आठवण राहील. पाळक म्हणाले, उत्तम नाव आहे. मी तुझं नाताळातलं बोलणं त्यांना सांगितलं, तर वैनी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “ते तसंच बोलायचे. स्वतःसाटी कवा काय मागितलं का त्यांनी? नगंच म्हनायचे सगळ्याला.”

आता सांग, मी काय करायचं होतं? एकीकडं तू, मातीत, आणि तुझं एकुलतं एक मागणं. दुसरीकडं ही जिवंत बाई, जिचं कुंकू आणि झोप एकाच दुपारी गेली. अव्वाचंही असंच झालं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिलाही कुणीतरी हाकेला हवं होतं. मला अव्वाचा राग यायचा तो त्या दिवशी निम्मा झाला. आणि वैनीला नाही म्हणायचं बळ माझ्यात उरलं नाही. पाळण्याच्या दिवशी नवं लुगडं नेसताना मी ठरवून टाकलं होतं, तुझं ऐकायचं नाही. तुला सांगून टाकते, लपवत नाही.

दुपारी बायका जमल्या. पाळण्याला फुलं बांधली, घुगऱ्या वाटल्या, प्रार्थना झाली. मी पाळण्याजवळ गेले. खाली वाकणार तेवढ्यात पोरगं रडायला लागलं, आणि वैनी लगबगीनं पुढं येऊन म्हणाली, “उगी, उगी माझ्या सोन्या.”

मी वाकलेली सरळ झाले. म्हटलं, “वैनी, सोन्या का? मी आता नाव ठेवतेच आहे. मग ह्याला हाक काय मारणार तुम्ही?”

“सोन्याच म्हनीन की.”

“का? नाव हवंय ना तुम्हाला?”

ती लाजली. ह्या वयात, त्या पांढऱ्या कपाळानं, लाजली. “असं काय करताय वन्सं? म्या त्यांचं नाव कसं घेनार?”

सगळ्या बायका माना हलवायला लागल्या. बरोबरच आहे, कशी घेणार? मी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, “मामंजींचं नाव मी नाही घेत, आत्या. मी पिल्लू म्हणते.” सुहासला विचारलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, “बापाचं नाव घेऊन पोराला दटावू कसं गं आत्या? मी पण सोन्याच म्हणीन.”

दादा, मी पाळण्याची दोरी धरून तशीच उभी राहिले. एवढे दिवस वैनी ‘त्यांचं नाव, त्यांचं नाव’ करत होती, आणि ते नाव तिच्या तोंडातून एकदाही आलं नव्हतं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी किती छळलं, तर हिनं पदर दातात धरला होता. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं की ही सुहासला पुढं करायची. सगळा संसार ‘अहो’वर झाला. आणि आता आम्ही सगळे मिळून एका लेकराला असं नाव द्यायला निघालो होतो की जे ह्या घरात एकाही माणसाला घेता येणार नव्हतं. ते नाव पोराजवळ असतं आणि त्याला त्या नावानं कुणीच बोलावलं नसतं.

मी म्हटलं, “वैनी, ठेवते. तुम्ही म्हणाल तेच ठेवते. पण आधी तुम्ही एकदा घ्या. एकदाच.”

“अगं बया!” कुणीतरी म्हणालं. वैनीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ही रडेल, किंवा मला घरातून जा म्हणेल. ती बायकांमधून वाट काढत उंबऱ्यापाशी गेली. बाहेर रस्ता, रस्त्यापलीकडं कबरस्तानाची भिंत. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. ओठ हलले, आवाज आलाच नाही. पुन्हा हलले.

“शमाया,” ती म्हणाली.

हळू आवाजात म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. मागं पाळण्यातलं पोरगं रडत होतं आणि कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं. ती हाक अव्वाच्या हाकेसारखी नव्हती, दादा. बायको नवऱ्याला बोलावते तशी होती. तिला तो कोंबड्यांमागं पळणारा ठाऊकच नव्हता. तिनं आयुष्यात एकच शमाया बघितला होता.

ती मग डोळे पुसून परत आली, पोराला उचलून खांद्याशी धरलं आणि मला म्हणाली, “ऱ्हाऊ द्या वन्सं. ते त्यांचंच हाय. ह्याला दुसरं द्या.”

मी पोराच्या कानात तोंड घातलं आणि मनाला येईल ते नाव ठेवलं. आजोबांच्या बोटाला शास्त्रात कुठंही सापडलं नसतं असं. काय ठेवलं, ते तुला सांगणार नाही. तुला काय करायचंय? तुझं तुला मिळालं ना, सगळंच्या सगळं. घे आणि नीज आता.